करवंदीच्या जाळीतलं जांभूळ

बेगडेवाडी स्टेशनबाहेर करवंदं विकणाऱ्या बदरुन्निसामावशीनं बारा वर्षं गावामागची टेकडी वणव्यापासून राखली. जाळलं की गवत जोमानं येतं, असं गाव मानायचं. ती मात्र दर उन्हाळ्याआधी गवताचा पट्टा कापून आगीची वाट अडवायची. "काडी लावायला तेवढे हात शिवशिवत्यात मेल्यांचे!" आधी नुसतं गवत होतं, मग करवंदीच्या जाळ्या माजल्या. तिथं शेळ्यांचं तोंड पोचेना, तेव्हा पाखरांनी टाकलेल्या बियांतून जाळ्यांच्या आत जांभळं वर आली.

यंदा एकसारखे टी-शर्ट घातलेलं कुठल्याशा कंपनीचं लटांबर झाडं लावायला आलं. आधी जेसीबीनं सगळ्या जाळ्या उपटल्या, मग गुलमोहरासाठी खड्डे खणले. साहेबानं मावशीच्या हातात रोप कोंबलं. "मावशी, झाड लावा. हसा जरा."

मावशी उपटलेल्या जाळ्यांच्या ढिगात शिरली. हात ओरबाडून घेत तिनं कमरेएवढं जांभूळ ओढून काढलं आणि साहेबाच्या बुटांवर टाकलं.

"मग ह्ये काय व्हतं रं?"

साहेबानं वाकून पाहिलं. "कुणीतरी हा कचरा उचला," तो म्हणाला, "फोटोत येतोय."