विहीणबाईंचा युवराज आणि माझी निकाली तक्रार

नलू, चष्मा लाव आणि कागद जरा जवळ धर. नाशकात बसून घरच्या ग्रुपवर दात काढणारे चेहरे टाकतेस, पण मावशीला एक फोन करून 'नक्की झालं काय' असं विचारवत नाही तुला! म्हणून मीच लिहितेय. तर, मी माझ्या विहिणीचा कुत्रा महापालिकेच्या ताब्यात दिला, हे खरं आहे. पण उगाच नाही दिला. रीतसर तक्रार करून दिला.

सुरुवात झाली ॲपपासून. नागरिकांच्या तक्रारींसाठी ॲप आलंय, ही बातमी ह्यांनी (म्हणजे तुझ्या काकांनी) पेपरात वाचली आणि माझ्या फोनवर ते घालून दिलं. हेतू हा, की मी ह्यांच्याकडे तक्रारी करणं थांबवावं. आणि थांबवलं मी! फोटो काढायचा, यादीतला विषय निवडायचा, बटण दाबायचं, की आला तक्रार क्रमांक! अगं, चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या एकाही तक्रारीला कुणी क्रमांक दिला नव्हता. मग काय, दिवसा जळणारा रस्त्यावरचा दिवा टाकला, गटाराचं फुटकं झाकण टाकलं, बागेतला मोडका झोपाळा टाकला. फाटकासमोरच्या खड्ड्याची तक्रार तर तीनदा केली. तिन्ही वेळा 'निकाली' असं उत्तर आलं, सोबत गुळगुळीत रस्त्याचा फोटो. रस्ता फार सुंदर होता. कुठला होता, ते अजून कळलेलं नाही.

बिल्डिंगमधले मला 'आयुक्तबाई' म्हणायला लागले. मला वाटायचं, कौतुकानं म्हणतात.

अशात आमच्या मीनलच्या सासूबाई, कळव्याच्या, आठवडाभर कोकणात गावच्या जत्रेला निघाल्या. मीनल आणि जावईही सोबत. त्यांचा कुत्रा युवराज आमच्याकडे राहायला आला. आला तो गादी, दोन वाट्या आणि दोन पानी सूचना घेऊन. कागदपत्रं बघितली तर अस्सल परदेशी घराणं. कुत्रा बघितला तर आमच्या वडापावच्या गाडीखाली झोपणाऱ्या लाल्याचा सख्खा भाऊ! पण विहिणीला असं कुणी बोलतं का?

"फार जपा हं त्याला," विहीणबाई म्हणाल्या. "महिनाअखेरीला लग्न आहे."

"अरे वा! कुणाचं?"

"युवराजचं! ठाण्याचं स्थळ आहे. मुलगी पांढरीशुभ्र. दोघांचे तब्येतीचे रिपोर्ट जुळलेत. पहिलं पिल्लू मुलीकडचे आपल्याला देणारेत."

(मीनलला बघायला आल्या तेव्हा ह्याच बाईंनी फक्त 'पोळ्या येतात ना?' एवढंच विचारलं होतं.)

तीन दिवस बरे गेले. चौथ्या संध्याकाळी खाली फाटकाशी कुत्र्यांनी असा काही गोंधळ घातला, की मालिकेतली सून काय कारस्थान करतेय ते मला ऐकूच येईना. मी गॅलरीत गेले, वरूनच फोटो काढला आणि विषय निवडला, 'मोकाट कुत्र्यांचा उपद्रव'. तपशिलात लिहिलं, 'सर्वात पुढे उभा असलेला लाल कुत्रा सर्वात उपद्रवी आहे. त्वरित कार्यवाही व्हावी.' चष्मा टीव्हीवर होता. तेवढ्यासाठी कोण परत आत जाणार?

शुक्रवारी दुपारी मी युवराजला तेल लावून न्हाऊ घालत होते. नवरदेवच तो, अंगाला वास यायला नको! सूचनेत ठळक लिहिलं होतं, 'गळ्यातला पट्टा काढू नये.' पण चामड्याचा पट्टा भिजला असता, म्हणून काढला. इतक्यात कचरेवालीनं बेल वाजवली. ह्यांनी दार उघडलं आणि युवराज साबणासकट पसार! मला वाटलं, पलंगाखाली लपला असेल. वाकून शोधत होते, तर खालून तळमजल्यावरची वैशाली ओरडली,

"काकू, अभिनंदन! तुमची गाडी आली!"

गॅलरीतून बघते तर काय, पालिकेची कुत्री पकडायची गाडी! अगदी दीड दिवसात! जाळी टाकून त्यांनी एक कुत्रा आत घातला आणि दार लावलं. आख्ख्या बिल्डिंगनं टाळ्या वाजवल्या. नलू, मीसुद्धा वाजवल्या. चांगल्या जोरात वाजवल्या.

गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा हे हळूच म्हणाले, "अगं, पण तो कुत्रा ओला कसा होता?"

तशाच ओल्या पदरानं वॉर्ड ऑफिस गाठलं. साहेब साइटवर गेलेले. पुढे शनिवार, रविवार. विहीणबाई मंगळवारी परतणार! सोमवारी ऑफिस उघडायच्या आधीच आम्ही दोघं पायरीवर हजर.

"तक्रारदार तुम्हीच?" क्लार्कनं विचारलं.

"हो."

"कुत्रा उचलला ना?"

"उचलला."

"मग प्रॉब्लेम काय?"

"तो परत पाहिजे."

त्यानं पेन खाली ठेवलं. "मावशी, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा एक काम दीड दिवसात झालंय. तेही उलटं फिरवू म्हणता?"

"अहो, पण तुमच्या माणसांनी भलताच कुत्रा नेला!"

"भलता कसा? फोटो तुमचाच." त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. या वेळी चष्मा डोळ्यांवर होता. सर्वात पुढे, छाती काढून, भुंकत उभा असलेला तो लाल कुत्रा साक्षात युवराज होता! मागच्या बाजूला ह्यांचं टक्कल. ह्यांनी त्याला फिरायला नेलं होतं आणि दोरी फाटकाला अडकवून वॉचमनशी क्रिकेटवर वाद घालत उभे होते.

"फोटो जरा तिरका आलाय," हे म्हणाले. हे एवढंच म्हणाले!

"मी तक्रार मागे घेते," मी म्हटलं.

"निकाली निघालेली तक्रार मागे घेता येत नाही. फार तर नवीन करा."

नवीन करायला यादी उघडली. यादीत मोकाट कुत्रा होता, चावरा कुत्रा होता, मेलेला कुत्रा होता. विहिणीचा कुत्रा आपणच पकडून दिला, असा विषय मात्र नव्हता. शेवटी क्लार्कलाच दया आली. त्यानं चिठ्ठी लिहून दिली आणि आम्ही रिक्षानं शीळफाट्याच्या रस्त्यावरचं ते केंद्र गाठलं, जिथे धरलेल्या कुत्र्यांचं, तुला कळलं ना, ऑपरेशन करतात. रिक्षा थांबायच्या आत हे उडी मारून ओरडत सुटले, "थांबा हो, थांबा! लग्न ठरलंय त्याचं!"

बाहेर आलेली डॉक्टर मुलगी आमच्या मीनलपेक्षाही लहान. तिनं शांतपणे रजिस्टर उघडलं.

"आजोबा, याचं तर शनिवारीच झालं. पहिला नंबर याचाच होता."

"पहिला का?" मी कसंबसं विचारलं.

"तक्रारदार ज्येष्ठ नागरिक आहेत ना! प्राधान्य दिलं."

अगं, बँकेत नाही, रेशनच्या रांगेत नाही, आयुष्यात कुठेही मला वयाचा फायदा मिळाला नव्हता. तो इथे मिळाला!

युवराज बाहेर आला. डाव्या कानाचं टोक खुणेसाठी कापलेलं, आणि माझ्याकडे त्यानं जे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही.

मंगळवारी विहीणबाई आल्या. मी युवराजच्या कानावर रुमाल बांधला होता. "गारठा आहे ना," असं म्हटलं. (गॅलरीत कुरडया वाळत होत्या.) चहा दिला, गावची चौकशी केली, जत्रा कशी झाली ते तीनदा विचारलं. निभलं असतं गं! पण माझा फोन वाजला आणि हे आतून तो नाचवत आले,

"अगं, ॲपवर फोटो आला बघ! आधीचा आणि नंतरचा, दोन्ही! विचारतायत, 'आपण कार्यवाहीबाबत समाधानी आहात काय?'"

विहीणबाईंनी हात पुढे केला. ह्यांनी फोन दिला! त्यांनी आधीचा फोटो बघितला, नंतरचा बघितला. मग खाली माझं पूर्ण नाव वाचलं, मोठ्यानं. मीनल दारात कपाळाला हात लावून उभी.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "ठाण्याला काय कळवू?"

मी म्हटलं, "कळवा, मुलानं संन्यास घेतला."

महिनाभर अबोला होता. लग्न मोडलं, मुलीला म्हणे डोंबिवलीचं दुसरं स्थळ मिळालं. परवा मात्र नातवंडांना सुट्टीत माझ्याकडे पाठवायचा विषय निघाला, तेव्हा विहीणबाई मीनलला म्हणाल्या, "पाठव की. आधी त्यांचा फोन तपास, मग मुलं पाठव." मीनलनं येऊन ते ॲप काढून टाकलं. वर मला परत घालता येऊ नये म्हणून पासवर्डही बदलला.

तेव्हा नलू, तू आता मनात काही न आणता ये. या रविवारीच ये, चार दिवस राहा. माझ्यापासून कुणालाही धोका उरलेला नाही. आता तक्रार करायची तर वॉर्ड ऑफिसचे तीन मजले चढावे लागतात, आणि माझा राग पहिल्या मजल्यापर्यंतच पुरतो!