गाडीतून न उतरलेली ट्रंक

दिवाळीचे फटाके संपले की आमची जीप नांदेडहून निघते आणि किल्लारीच्या शिवारात जाऊन थांबते. होळी पेटली की परत फिरते. मधला रब्बीचा हंगाम आम्ही शेतातल्या पत्र्याच्या खोलीत काढतो. शेत नवऱ्याचं, हौस नवऱ्याची, जीपही नवऱ्याची. माझी त्यात फक्त एक ट्रंक.

नवरा जन्मभर लाल गाडीचा ड्रायव्हर. निवृत्तीनंतर त्यानं ही जुनी जीप घेतली, पण चालवतो अजून बससारखीच. मागे माणसं उभी आहेत, कोणाच्या मांडीवर लेकरू आहे, कोणाच्या पिशवीत अंडी आहेत, अशा हिशेबानं वळणावर हळू आणि खड्ड्यात त्याहून हळू. "अहो, मागे कुत्रं-मांजर आहे, वऱ्हाड नाही," असं मी लोहा यायच्या आतच म्हणून घेते. त्याला फरक पडत नाही. अहमदपूर, चाकूर, लातूर, औसा, समोरून लाल गाडी आली की याचा हात वर. नव्या दमाची पोरं चालवतात आता, ती याला कुठून ओळखणार? तरी तीही हात वर करतात. मला हे फार आवडतं. त्याला सांगितलं नाही कधी, नाहीतर चहाला थांबून तेच ऐकावं लागेल.

कुत्रं डेपोतलं. निवृत्तीच्या दिवशी नवरा गळ्यात हार घालून घरी आला, तर मागोमाग हे दारात. डिझेलच्या वासावर वाढलेलं, दोन्ही कान फाटलेले, तोंडावर ड्यूटी संपल्याचा कंटाळा. आम्ही त्याला नाव ठेवलंच नाही. हॉर्न वाजला की ते येतं, मग नावाची गरज काय? मांजर मात्र माझी. मी शिकवत होते त्या शाळेच्या खिचडीवर पोसलेली, माझ्याबरोबरच शाळा सोडून आलेली.

मांजर शेतात पहिल्याच दिवशी रमली. टोपलीतून उतरली, कडब्याच्या गंजीवर चढली आणि आम्हालाच पाहुणे आल्यासारखं बघायला लागली. कुत्र्याचं उलटं. ते जीपमधून उतरेना. विधीपुरतं खाली यायचं, तेही चाकाजवळ, आणि पुन्हा वर माझ्या ट्रंकेला टेकून बसायचं. डांबर आणि फरशी सोडून त्याच्या पायाला दुसरं काही माहीतच नव्हतं. काळ्या रानात पाय रुतला की ते असं दचकायचं की जणू कोणी खालून धरलं. नवरा भाकरी घेऊन शेतातून हाका मारायचा, हे जीपमधून नुसती मान वाकडी करायचं. शेवटी भाकरीच जीपमध्ये जायची.

नवऱ्याला आता इथंच कायमचं राहायचं होतं. दर हंगामाला तो विषय काढायचा आणि मी मोडून काढायची. मी नांदेडची. तिथं भाजी घ्यायला गेले तरी चार पोरं "बाई, बाई" करत पिशवी धरतात, त्यातली काही आता टक्कल पडलेली आहेत. इथं मी कोण? डायवरची बायको. म्हणून मी ट्रंक कधी उतरवूच दिली नाही. रोजच्या दोन साड्या खोलीत, बाकी सगळा संसार जीपमध्ये. परत जायचंच आहे, मग उतरवायचं कशाला? यंदा त्यानं फारच लावून धरलं, तेव्हा मी वैतागून म्हणाले, "ज्या दिवशी हे कुत्रं आपल्या पायानं खाली उतरून या रानात रमेल, त्या दिवशी माझी ट्रंक उतरवा. तोवर नाव काढू नका."

तो हसला नाही, चिडला नाही. "ठरलं," एवढंच म्हणाला. ड्रायव्हर माणूस, शब्दाचा पक्का. त्यानंतर खरंच त्यानं विषय काढला नाही. मी मनात म्हटलं, जिंकले.

मग वेळ अमावस्या आली. आमच्याकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी लातूरच्या बाजारात कुत्रं भुंकत नाही, कारण सगळा जिल्हा शेतात असतो. ज्याच्या त्याच्या रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे छोटीशी खोपटी, उभी राहते, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि माठात आंबील. आणि बांधावरून जाणाऱ्या कोणालाही, मग तो सोयरा असो की वाट चुकलेला, कोपीत ओढून जेवायला बसवायचं. मी गुरुद्वाऱ्याच्या लंगरच्या गावची, मला फुकट जेवू घालण्याचं अप्रूप असायचं कारण नाही. पण तिथं तुम्ही जेवायला जाता, इथं जेवण तुमच्या अंगावर धावून येतं.

पूजा झाली, नवरा "ओलगे ओलगे" असा येळवशीचा घोष करत पिकावर आंबील शिंपडून आला, आणि मी जीपमध्ये कुत्र्याचं ताट घेऊन गेले. जीप रिकामी. ट्रंक होती, कुत्रं नव्हतं.

नवऱ्यानं हॉर्न वाजवला. एकदा, दोनदा, मग हात काढेचना. ते आलं नाही. असं आजवर झालं नव्हतं. आमच्या रानाच्या टोकाला मोठा रस्ता आहे आणि साखर कारखान्याला उसाच्या ट्रॉल्या तिथून एकीला एक लागून जातात. डांबराची ओढ असलेलं कुत्रं, जाणार कुठं? नवरा रस्त्याकडे पळाला. पळताना मी त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. परत आला तेव्हा चेहरा उतरलेला. "रस्त्याला न्हाई," म्हणाला, आणि टोपी काढून उगाच झटकायला लागला. ते कुत्रं गेलं तर हा माणूस डेपोतून दुसऱ्यांदा निवृत्त होईल, हे मला तेव्हा कळलं.

आम्ही कोपीकोपीनं शोधायला निघालो. आता येळवशीच्या दिवशी कोणाच्या कोपीत जाऊन नुसतं विचारून परत येऊन दाखवा. पहिल्याच कोपीत विचारलं, "आमचं कुत्रं दिसलं का?" तर हातात द्रोण आला.

"बसा की आधी, बाई. मग सांगतो."

"अहो, ते हरवलंय."

"हरवंल कुठं? आंबील पिऊन गेलं की आत्ताच. तुमी बी प्या."

दुसऱ्या कोपीत ते भज्जी खाऊन गेलं होतं, आम्हालाही खावी लागली. तिसऱ्या कोपीत उंडे. माझा जीव टांगणीला आणि तोंडात घास, अशी आयुष्यात पहिल्यांदा कोंडी झाली. आम्ही एक घोट घेतल्याशिवाय कोणी तोंड उघडेना. पण गंमत ही की जिथं जाईन तिथं मला नावानं नाही तर "बाई" म्हणून हाक. "बाई, गुडघ्याचं कसं हाय?" "बाई, मांजर तुमची उंदरं लई धरती म्हणं." "बाई, कुणाला धुंडून राहिलाव?" मी इतके हंगाम यांच्याकडे बघत नव्हते, पण ही माणसं माझ्याकडे बघत होती. डायवरची बायको कोणीच म्हटलं नाही. डायवरलाच एका कोपीत "बाईंचे मालक" म्हणाले, आणि तशा घाईतही मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

कुत्रं प्रत्येक ठिकाणी आमच्या एक कोप पुढे. शेवटी शिवार संपत आलं. राहिली एकच कोप, आमच्या बांधाला बांध असलेल्या मावशींची. तिकडे जायचं आमच्या डोक्यातच नव्हतं, कारण ती रिकामी असणार. मावशी एकट्या. पोराला, सुनेला यंदा पुण्याहून सुट्टी मिळाली नव्हती. म्हणून शिवारातल्या प्रत्येकानं त्यांना आपल्याकडे जेवायला बोलावलं होतं, आम्हीसुद्धा सकाळीच सांगून आलो होतो. त्या आल्या नाहीत तेव्हा आम्हाला वाटलं, दुसऱ्या कोणाकडे गेल्या असतील. दुसऱ्यांना वाटलं, आमच्याकडे असतील. सगळ्यांनी बोलावलं म्हणून कोणीच बघायला गेलं नाही. अशी चूक आमच्याच लोकांना सुचावी.

मावशी आपल्या कोपीतच होत्या. एकटीनं उभारलेली कोप, जरा तिरकी, पण पाचही दगडांना चुना अगदी ताजा. घोंगडी अंथरलेली. घोंगडीवर आमचं कुत्रं बसलेलं, चारही पाय काळ्या मातीनं भरलेले, समोर पत्रावळीवर खीर. आणि मावशी शेजारी बसून आपल्या ताटातला उंडा मोडत होत्या.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "पावना जेवून राहिलाय."

नवरा तिथंच बसला, कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून. मीच विचारलं, "मावशी, कोणाकडे गेला का नाहीत? सगळ्यांनी बोलावलं होतं."

"आजच्या दिशी आपली कोप सोडून कसं जावं? कुणी आलं आन् रिकामी दिसली तर?" त्यांनी घास चघळला. "पावना जेवल्याबिगर मला जेवता येत न्हाई, बाई. उपाशीच बसलते. दिस कलला तवा हे आलं, दाराशी उभं ऱ्हायलं. म्हटलं, या."

मी कितीतरी कोपीत खाऊन आले होते, पोटात तीळ मावायला जागा नव्हती. तरी त्या घोंगडीवर बसले आणि मावशींची खीर खाल्ली. त्या म्हातारीचं मला फार कौतुक वाटलं. भरल्या ताटापुढे, कोणी येईल म्हणून, ती दिवसभर बसली होती, आणि आलं ते डेपोतलं कुत्रं, तर त्यालाही तिनं घोंगडी दिली. एवढा विश्वास मला शाळेतल्या कुठल्या पोरावर टाकता आला नव्हता.

दिवस मावळला, शिवारात ज्यानं त्यानं पेटत्या पेंढ्या पिकाभोवती फिरवल्या. आम्ही बांधानं परत निघालो. कुत्रं पुढे, काळ्या रानातून, बुजत नव्हतं की दचकत नव्हतं. माझ्या मनात ट्रंकेचा विषय होता. नवरा आता म्हणणार, शर्त जिंकलो. म्हणू दे, हक्कच आहे त्याचा.

जीपजवळ तो थांबला. "एक सांगायचं राहिलं," म्हणाला. "सकाळी मीच त्याला खाली ठेवलो. मागच्या पायात जोर न्हाई ऱ्हायला आता, उतरायला बघून राहिलं होतं आन् जमंना. म्हणून उचलून ठेवलो. आपल्या पायानं उतरलं न्हाई ते. शर्त तूच जिंकलीस."

तो गप्प बसला असता तर मला कधी कळलं नसतं. पण हा माणूस रिकाम्या रस्त्यावरही वळणाआधी हॉर्न देणारा. याला ती सवय सुटायची नाही, आणि माझं नशीब चांगलं म्हणून सुटली नाही.

"अहो," मी म्हणाले, "मग माझी ट्रंकही उचलूनच खाली ठेवा. तिला तर पायच नाहीत."

त्यानं ट्रंक खांद्यावर घेतली आणि खोलीकडे निघाला, खड्डे चुकवत, हळूहळू.