सलोमीच्या जागी माझा पाय

“नाव सांगा! एकाचं तरी नाव सांगा मले! कोणाच्या पोटात दुखून राह्यलं?”

माझी मोठी बहीण सुशीला चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून ओरडत होती. पवित्र गुरुवारची दुपार. ऊन असं की पायरीवर पापड ठेवला तर भाजून निघेल, आणि बहिणीचा आवाज असा की पलीकडच्या किन्हीराजा गावाच्या थांब्यावर एसटीची वाट पाहणारी माणसंही दचकली असतील. समोर आमचे नवे फादर, घामाघूम, हात जोडून. “बाई, नावं कशाला? लोक दुखावलेत, एवढं मला कळलंय.” आणि फादरांच्या मागे मी. चर्चचा प्रचारक, फिलिप मास्तर. बगलेत परात, हातात तांब्या.

तिनं माझ्याकडे पाहिलं. “फिलिप, तू तं गावातच असतो. तुले तं मालूम असन. सांग ना!”

मी तांब्यात पाहिलं. तांब्या रिकामा होता.

मला माहीत होतं. सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही — बायकोला नाही, फादरांना नाही, पापं कबूल करायला पापांगीकारात गुडघे टेकले तेव्हा देवालाही नाही. अलीकडे एका माणसाला सांगितलं, ते शेवटी येईलच. तुम्ही दुसरे.

आधी माझ्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय गुन्हा कळणार नाही. मी गप्पिष्ट माणूस आहे — आणि गप्पिष्ट हा शब्द मी फार कमी करून वापरतोय. गाव मला फेकू म्हणतं. कारंज्याच्या बाजारात पाहिलेला बैल मी घरी येईपर्यंत हत्ती होतो. शिरपूरला निघालेल्या एका यात्रेकरूनं विचारलं, तुमच्या चर्चला माणसं किती? म्हटलं, नाताळाला मांडव मालेगावपर्यंत जातो! खरं म्हणजे नाताळालाही आमच्या चटया उरतात. पण याचा गावात कोणाला त्रास नाही. माझं ऐकताना प्रत्येक जण मनातल्या मनात दहानं भागतो, उरेल ते खरं धरतो आणि वर चहा पाजतो. आमचा आपसातला करारच आहे तो. नवे फादर मात्र वसईकडचे. येऊन जेमतेम थंडी सरली होती. त्यांना अजून भागाकार येत नव्हता.

ज्यांना आमचा रिवाज ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पवित्र गुरुवारी, ख्रिस्तानं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, फादर बारा जणांचे पाय धुतात. वेदीपुढे बारा खुर्च्या, प्रत्येकाचा उजवा पाय उघडा. मी पाणी ओततो, फादर धुतात, पुसतात आणि वाकून त्या पायाचं चुंबन घेतात. आता आमच्याकडे हे दिवस हळदीचे. शिजवायची, वाळवायची, घासायची — अख्ख्या गावाचे पाय पिवळे. असला पाय फादरांच्या हाती कसा द्यायचा? म्हणून ज्याला खुर्ची मिळाली तो सकाळपासून वजरी घेऊन टाचा घासत बसतो. पाय धुऊन घ्यायचेत म्हणून आधी इतके पाय धुणारी माणसं साऱ्या जगात सापडायची नाहीत!

पूर्वी बाराही पुरुषच असायचे. मग रोमहून परवानगी आली की बायांचेही पाय धुवा. त्या वर्षी सुशीलाची शेजारीण रोझामावशी पहिली बसली. पायाला हात लागताच तिला अशी गुदगुली झाली की खुर्चीसकट मागे गेली. तेव्हा मी कोण होतो म्हणता? सगळ्यात पुढचा सुधारक! पारावर बसून मी भाषण दिलं होतं — काळ बदलला, चर्चही बदललं पाहिजे. दुसऱ्याच्या घरातला बदल मला फार आवडतो.

आता सलोमी. सुशीलाचं एकुलतं लेकरू. बाप्तिस्म्यातलं नाव सायमन. त्याला प्रार्थना मी शिकवल्या. वर्गात फळ्यावर मधोमध रेघ ओढून मुलगे इकडे, मुली तिकडे अशी नावं मीच लिहायचो, आणि हे लेकरू आपलं नाव सोडून त्या रेघेकडेच बघत बसायचं. मी पाहिलं होतं. मास्तरला सगळं दिसतं. मोठं झाल्यावर ते अकोल्याला गेलं, कपड्याच्या दुकानात शिवणकामाला लागलं आणि काही वर्षांनी सलोमी होऊन परत आलं. साडी, लांब वेणी, आवाज मात्र तोच. सुशीला पुष्कळ रडली. मग एके दिवशी उठली आणि स्वतःच्या ठेवणीतल्या बांगड्या काढून पोरीच्या हातात भरल्या. मी? मी भाचा म्हणता म्हणता जीभ चावायचो, भाची म्हणताना इकडे तिकडे बघायचो.

हे नवे फादर आले त्या वर्षी ती सणाला आली होती. फादरांनी स्वतःहून विचारलं. म्हणाले, रोमहूनच हल्ली ऐकू येतंय की अशा लेकरांना दारातून परतवू नका, मग बारा जणांत ही का नको? सलोमी आधी नाही म्हणाली. मग हो म्हणाली. मग तिनं पायाच्या नखांचा रंग पुसून टाकला, लोकांना बोलायला निमित्त नको म्हणून. सुशीलानं अंगणात दगडावर बसवून स्वतःच्या हातानं तिच्या टाचा घासल्या. रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत होती, “माही पोरगी बसणार हाये बरं का यंदा!”

येतो, मुद्द्यावर येतोच आहे. तुम्हालाही वाटत असेल, हा माणूस नुसता भोवती भोवती फिरतोय.

बुधवारी संध्याकाळी मी फादरांकडे गेलो. म्हटलं, फादर, गाव पेटलंय. सलोमी बसली तर निम्मी घरं उठून जाणार. बाया लेकरं काखोटीला मारून बाहेर उभ्या राहणार. वाशिमहून, कारंज्याहून जीप भरभरून माणसं येणार. म्हातारी मंडळी तर म्हणतात, आमचं मढंसुद्धा आता या चर्चमध्ये आणू नका! एकदा सुरू झालो की मी थांबतो का? फादरांचा चेहरा उतरत गेला तसतशी मला चव येत गेली — हेही लिहितो, कारण तेही खरं आहे. माझी गोष्ट इतक्या भक्तीनं आयुष्यात कोणी ऐकली नव्हती.

आणि गावात खरोखर कोण काय बोललं होतं?

कोणी काही बोललं नव्हतं.

रोझामावशीनं कुंपणावरून सुशीलाला विचारलं होतं, “सलोमी कोनती साडी नेसून राह्यली?” म्हातारी मंडळी म्हणाली होती, प्रार्थना लवकर आटपा म्हणावं, कढईत हळद हाये. बस. मनात कोणाच्या असेलही काही, मी काय कोणाच्या मनात शिरलो होतो? पण मी फादरांना लोकांच्या तोंडचं म्हणून सांगितलं. तो सगळा जमाव, त्या जीपा, ती मढी — सगळं माझ्या एकट्याच्या डोक्यातून बाहेर पडलं होतं.

का केलं? धर्माची चाड होती, असं म्हणता आलं असतं तर मी कधीच म्हणून मोकळा झालो असतो. देवानं पुरुष आणि बाई असे दोनच केले, असं मनापासून मानणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याशी निदान समोरासमोर भांडता येतं. मला त्या संध्याकाळी धर्म आठवलाच नाही. मला परात आठवली. परातीत तिचा पाय, वर तांब्या घेऊन वाकलेला मी, आणि सगळं गाव आम्हा दोघांकडे बघतंय — मास्तर आणि मास्तरची भाची. लोक हसतील, असं वाटलं. जन्मभर लोकांना हसवलं मी, पण माझ्याकडे बघून कोणी हसणं मला सोसणार नव्हतं. एवढंच. एरवी राईचा डोंगर करणारा मी, या कारणाला काही केल्या मोठं करता येत नाही.

गुरुवारी दुपारी फादरांनी सुशीलाला बोलावून हलकेच सांगितलं, यंदा राहू द्या. त्यावर ती ओरडली ते सुरुवातीला सांगितलंच. ओरडून घरी गेली ती पुन्हा आली नाही. सलोमी मात्र संध्याकाळी आली. शेवटच्या चटईवर बसली, घासलेले पाय साडीत गुंडाळून.

वेदीपुढे एक खुर्ची रिकामी. फादर इकडे तिकडे बघत म्हणाले, “मास्तर, तुम्हीच बसा.”

बसलो! नाही म्हणायला काय कारण देणार होतो? मी वजरी लावली नव्हती. दुपारपर्यंत हळदीत होतो. फादरांनी तांब्या माझ्या हातून घेतला, स्वतःच पाणी ओतलं, आणि परातीतलं पाणी पिवळंधमक झालं. त्यांनी टाच चोळली, बोटांच्या बेचक्या पुसल्या आणि वाकून ओठ टेकवले. लोक हसले नाहीत. कोणी बाहेर गेलं नाही. एकही जीप आली नाही. फादरांना वाटलं असेल, पाहा, वेळीच सावध झालो म्हणून निभावलं! तुम्ही म्हणाल, ख्रिस्तानं त्याला पकडून देणाऱ्या यूदासचेही पाय धुतले होते. नको, तेवढं मोठं नाव मला देऊ नका. तो पश्चात्तापानं तडफडला तरी. मी घरी जाऊन जेवलो, आणि उद्या शुभ शुक्रवारचा उपास म्हणून एक भाकर जास्तच खाल्ली.

सुशीलाला नाव मिळालं नाही. पण नावाशिवाय ती राहणार कशी? तिनं शोधलं. साडीचं कोणी विचारलं होतं? रोझामावशीनं. मग तो टोमणाच असणार. त्या दिवसापासून बोलणं बंद. कुंपणावरून चालणारी भाजीची देवघेव बंद. नाताळाला रोझामावशी करंज्यांचं ताट घेऊन आली, तर सुशीलानं दार लोटून घेतलं. मी तिथंच होतो. एकदा रोझामावशीनं मला रस्त्यात थांबवलं. “फिलिपभाऊ, माह्यं काय चुकलं? तुमी तरी सांगा.” मी काय केलं माहीत आहे? तिला मालेगावच्या एका कोंबडीची गोष्ट सांगितली. ती हसली. मी हसवलंच तिला.

पापांगीकारात मी दर वेळी म्हणतो, फादर, मी खोटं बोलतो. फादर हसतात. आता त्यांनाही भागाकार येतो.

सलोमी पुढे आमच्या चर्चमध्ये आली नाही. आईला भेटायला यायची, घरातूनच परत जायची. अकोल्यात ती कुठं प्रार्थनेला जाते का, हे मी कधी विचारलं नाही. यंदा सुशीला देवाघरी गेली. जाईपर्यंत तिची समजूत हीच — आपल्या पोरीला गावानं हाकललं. माती द्यायला सगळं गाव आलं, रोझामावशीही आली, पण फाटकाबाहेर उभी राहिली. आत या म्हणायला मी गेलो नाही.

चार दिवसांनी सलोमी आईच्या साड्या आवरत होती. मी उंबऱ्याशी बसलो आणि सांगितलं. पहिल्यांदाच एकही शब्द फुगवला नाही. गोष्ट इतकी लहान निघाली की एका दमात संपली. सलोमीनं हातातल्या साडीची घडी पूर्ण केली, ती बाकीच्यांवर ठेवली आणि दुसरी उचलली.

“मले मालूम होतं, मामा, तुमी त्या खुर्चीत बसले तवापासून,” ती म्हणाली. “रोझामावशीले नोतं.”