दहा नंबरचा पाना

ग्लायडिंग क्लबच्या हँगरात उस्तादांची, म्हणजे क्लबच्या जुन्या मेकॅनिकची, एक भिंत होती. प्रत्येक हत्याराची आकृती तिच्यावर रंगवलेली. काम उरकलं की हत्यार आपल्या आकृतीवर गेलंच पाहिजे, आणि जागा रिकामी दिसली तर ज्या ग्लायडरवर काम झालं ते उडणार नाही, हा नियम उस्तादांचाच. ग्लायडरच्या पोटात राहिलेला पाना हवेत सुकाणूच्या तारांमध्ये अडकला तर देवही वाचवत नाही, असं ते नव्या सभासदांना इतक्या तावातावाने सांगत, की त्यांची पाठ फिरली की पोरं नकला करत.

त्या सकाळी दहा नंबरच्या पान्याची जागा रिकामी होती.

ऊन छान तापलेलं. क्लबच्या दोन ग्लायडरांपैकी पिवळं, जमिनीवरच्या विंचने दोर ओढल्यावर, वर गेलंसुद्धा. पांढऱ्यावर मात्र उस्तादांनी काल दिवसभर काम केलं होतं. गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता, पण त्यांनी भाच्याला हाक मारली. भाचा म्हणजे क्लबचा मुख्य प्रशिक्षक. त्याला बोट धरून इथे आणलं ते उस्तादांनीच.

"मामा, परत?"

"परत काय परत? मागच्या वेळी बाकाखाली होता. हरवला नव्हता!"

भाच्याने पांढऱ्याची उड्डाणं थांबवली. सभासदांनी तोंडं वाकडी केली. वर्षभर हा भाचा 'मामा, आता आराम करा' म्हणून मागे लागला होता आणि उस्ताद घरी बायकोपाशी धुमसत होते, ज्याला वाढवलं तोच मुळावर उठलाय म्हणून.

त्यांनी सीट काढल्या, शेपटी उघडली, टॉर्च घेऊन आत डोकं घातलं. पाना काही मिळेना. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, तुमचा पाना इथे ओट्यावर पडलाय. लागणार नाही का?"

"घरी कसा आला?"

"काल नळ गळत होता म्हणून तुम्हीच नाही का आणलात? तासभर सिंकखाली आडवे होतात. असं काय करताय?"

खरं तर जीव भांड्यात पडायला हवा होता. पण उस्तादांना तो नळच आठवेना. सिंक नाही, गळणारं पाणी नाही, तो अख्खा तासच नाही. ते हादरले. मग त्यांची नजर वर गेली. पिवळं अजून घिरट्या घालत होतं. त्याची शेपटी जागेवर धरणारी लॉकपिन सकाळी त्यांनीच काढली होती, तेल द्यायला. परत लावली होती का?

ते धापा टाकत भाच्याकडे गेले. "पिवळं खाली बोलव."

"का? काय झालं?"

"बोलव म्हणतो ना! पिन लावली की नाही, मला आठवत नाहीये."

हे सगळ्यांसमोर म्हणावं लागलं. भाचा चिडला नाही. वायरलेसवर पायलटला शांतपणे म्हणाला, "सावकाश खाली ये. काठी हळू हलव." त्याचं ते समजूतदार वागणंच उस्तादांना झोंबलं. ओरडला असता तर भांडता तरी आलं असतं.

ग्लायडर सुखरूप टेकलं. भाचा स्वतः वाकला. "आहे मामा. नीट लावलीय." कुणीतरी मोठ्याने हसलं.

उस्तादांनी पिनवरून बोट फिरवलं. टोकं त्यांच्याच पद्धतीने वाकवलेली होती. ती कधी वाकवली ते काही केल्या आठवेना. पोरगं वर्षभर खरं बोलत होतं आणि आपण त्याला घरात बसून शिव्या घातल्या.

त्यांनी खिशातून हँगरची किल्ली काढून भाच्याच्या तळहातावर ठेवली. राहू द्या मामा, असं तो म्हणेल म्हणून ते जरा थांबले. भाच्याने किल्ली खिशात टाकली.