लानमोइच्या टाकीवरचा दिवा

सुंगभावजींनी जन्मभर दुसऱ्यांच्या दुकानांवर दिवे लावले. आमच्या लुंगथान गावच्या बाजारात कुठेही उभे राहा, औषधवाला, सुपारीवाली, स्कूटर दुरुस्त करणारा, सगळ्यांच्या पाट्या त्यांच्याच हातच्या. शिडीवर चढलेला माणूस म्हणूनच गाव त्यांना ओळखतं. जमिनीवर उतरले की मात्र त्यांचा गोंधळ उडायचा. स्वतःच्या शर्टाचं माप काय, हेही बायकोला विचारायचे.

बायको म्हणजे लानमोइ, माझी मैत्रीण. त्यांच्या कारखान्याची आणि माझ्या शेवयांच्या दुकानाची भिंत एकच. ती पुढच्या बाजूला बसून पाट्यांची अक्षरं कापायची आणि शेजारी तिची काचेची टाकी असायची. टाकीत बोटाच्या पेराएवढे चार मासे आणि मधोमध पिवळ्या पाणकमळाचं झाड. ते झाड तिच्या वडिलांच्या तळ्यातलं. तळं बुजवून तिथे घरं बांधली, आणि त्या वसाहतीला नाव काय दिलं, तर ‘कमळतळं’! लाज कशी वाटत नाही लोकांना. बुजवायच्या आदल्या दिवशी लानमोइ गुडघाभर चिखलात उतरली आणि एक गड्डा काढून घेऊन आली. अंगणातल्या टबात लावून पाहिला, तर गोगलगाईंनी पानं देठापर्यंत फस्त केली आणि टबाच्या कडेला आपली गुलाबी अंडी चिकटवून गेल्या. तेव्हापासून गड्डा टाकीत. त्या तळ्याचं जगात उरलेलं एवढंच.

मागच्या हिवाळ्यात लानमोइ गेली.

वर्ष भरेपर्यंत आमच्यात गेलेल्या माणसाचा वेगळा छोटा टेबल असतो. फोटो, उदबत्तीचं भांडं आणि एक दिवा. तो दिवा रात्रंदिवस चालू ठेवायचा. वर्ष भरलं की गुरुजी दिवस काढून देतात, मग तिच्या उदबत्तीची राख पूर्वजांच्या भांड्यात मिसळायची आणि टेबल उचलायचा. भावजींनी तो टेबल आतल्या खोलीत मांडला आणि टाकीही उचलून त्याच्या शेजारी नेली. तिचं तिच्याजवळ, म्हणाले. त्यात चूक काढावी असं काहीच नव्हतं. फक्त त्या खोलीला खिडकी नाही.

पावसाळा संपेपर्यंत झाडाची रया गेली. नवी पानं फिकट, पातळ, लांबच लांब देठांची, उजेड शोधत काचेला टेकलेली. मी म्हटलं, “भावजी, याला दिवा हवाय.”

“मला सांगताय? दिव्यांवर पोट भरलं माझं.”

तरीपण ते आधी चुंगली शहरातल्या शोभेच्या माशांच्या दुकानात गेले आणि तणतणत परत आले. “वहिनी, त्या एका दिव्याच्या पैशात तुमच्या दुकानाला नवा फ्रीज येईल! वर तो पोरगा मला विचारतो, काका, हप्ते करून देऊ का? मला! दिव्यासाठी हप्ते!”

मग दोन दिवस कारखान्यातून ठोकाठोकी ऐकू आली. जुन्या पाट्या उतरवल्या की त्यांतले एलईडी ते कधी टाकत नाहीत, पोती भरून ठेवतात. आधी हाताला लागले ते सुपारीवालीच्या टपरीचे, लाल आणि हिरवे. ते लावले तर मासे लग्नाच्या वरातीत सापडल्यासारखे दिसायला लागले. मी पोट धरून हसले. मग बंद पडलेल्या औषधाच्या दुकानाची पाटी निघाली. तिच्यातले दिवे शुभ्र, दुपारच्या उन्हासारखे, पाण्याच्या शिंतोड्यांना न घाबरणारे. जुन्या पाटीचाच पत्रा वाकवून त्यांनी त्याचं छप्पर केलं, आतून पांढरा रंग दिला, म्हणजे उजेड खोलीभर न सांडता सगळा खाली जाईल. टाकीच्या झाकणाच्या काचेवर साचलेला क्षारांचा पांढरा थर व्हिनेगरने पुसला. अख्ख्या कामाचा खर्च म्हणजे व्हिनेगरची बाटली, आणि तीही माझ्या दुकानातून नेलेली.

आठवड्याभरात एक पान उघडलं, तळहाताएवढं, ताठ, हिरवंगार. भावजींनी मला हाक मारून नेऊन दाखवलं. लानमोइ गेल्यापासून पहिल्यांदा त्यांचे दात दिसले.

त्याच आनंदात त्यांनी एक गोष्ट केली. फोटोपुढचा लहान दिवा काढून टाकला आणि टाकीवरचा दिवा थोडा टेबलाकडे सरकवला, फोटोवरही त्याचाच उजेड पडेल असा. “आता हाच तिचा दिवा,” म्हणाले. बटणावर काळी चिकटपट्टी मारली, चुकूनही कुणी बंद करू नये म्हणून.

मी तेव्हाच बोलले. “अहो, लानमोइ संध्याकाळी टाकी झाकायची. फुलाफुलांचं लाल कापड होतं तिच्याकडे.”

“मी तर कधी पाहिलं नाही.”

“तुम्ही घरी यायचा अंधार पडल्यावर, मागच्या दाराने. पाहणार कुठून?”

“तेव्हाची गोष्ट वेगळी होती, वहिनी. गेलेल्या माणसाचा दिवा विझवतात का?”

हे मात्र खरं. विझवत नाहीतच.

थोड्या दिवसांनी काचेवर हिरवी धूळ दिसायला लागली. मग पानांच्या कडांना केसांसारखे तंतू आले. मग तंतूंचे झुबके झाले, गाद्या झाल्या, आणि आतलं पान पिवळं पडून कुजायला लागलं. भावजींनी विचार केला तो पाटीवाल्याचा. पाटी नीट दिसत नसेल तर काय करतात? दिवे वाढवतात. त्यांनी छपरात दिव्यांची आणखी एक रांग बसवली. शेवाळाला सणच आला. मी शेवाळ काढायला जुना दात घासायचा ब्रश दिला, ते सकाळी काढायचे, दुसऱ्या सकाळी परत तेवढंच. एक मासा मेला. पाण्याला वास यायला लागला आणि उदबत्तीलाही तो झाकता येईना.

त्या महिन्यात आमच्यात बोलणं म्हणजे भांडणच होतं. मी बाजारातून एक लाल बारका दिवा आणला, देव्हाऱ्यात लावतात तसला. “हा फोटोपुढे लावा, तिचा दिवा चालू राहील. आणि तो मोठा संध्याकाळी बंद करा. झाडाला रात्र नको का?”

“हा दिवा मी तिच्यासाठी बनवलाय. हातांनी. तो काढून बाजारातला लावू?”

“बाजारातला लावा नाहीतर झाडावर पाणी सोडा!”

“तुम्ही शेवया बघा तुमच्या.”

मी लाल दिवा त्यांच्या टेबलावर आपटला आणि निघून आले. आमचे हे म्हणाले, “जाऊ दे, झाडच आहे.” मी त्यांच्याशीही दिवसभर बोलले नाही. झाडच आहे! लानमोइच्या नखांतला त्या दिवशीचा चिखल मी पाहिलाय. ते झाड गेलं, तर तिचा बापही गेला, तळंही गेलं, आणि ती दुसऱ्यांदा गेली. आणि भावजींचं काय होईल, याचा विचार मी करतच नव्हते, कारण तो करवत नव्हता. आधीच मी पाठवलेला जेवणाचा डबा ते अर्धा परत पाठवायला लागले होते. वर्ष भरायला अजून सहा-सात आठवडे होते आणि झाड तेवढं टिकणार नाही हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

शेवटी एका दुपारी, गिऱ्हाईक सरल्यावर, मी डबा घेऊन आत गेले तर भावजी बाह्या वर सारून, हात टाकीत घालून उभे होते. पाणी म्हणजे मटारचं सूप. त्यांनी हात बाहेर काढला, हातात एक पान, बोट लागताच विरघळणारं.

“हे शेवटचं,” ते म्हणाले. “आता नुसता गड्डा आहे.”

मला राग आवरला नाही. डबा खाली ठेवला, सरळ भिंतीकडे गेले आणि बटणावरच्या चिकटपट्टीला नख लावलं. त्यांनी ओल्या हाताने माझं मनगट पकडलं. इतक्या वर्षांत या माणसाने माझ्याकडे वर मान करून पाहिलं नव्हतं, आणि मनगट असं आवळलं की माझी बांगडी रुतली.

“हात काढा, वहिनी.”

“नाही काढत. तिला हवं होतं ते झाड मारताय तुम्ही! रोज रात्रभर डोळ्यांवर एवढा झगमगाट. कुणाला झोप लागेल हो यात?”

मी झाडाबद्दल बोलत होते. पण त्यांची पकड एकदम सुटली. ते मागे झाले आणि टेबलाच्या कडेला टेकले.

“तेच म्हणत होती,” ते म्हणाले.

“कोण?”

“लानमोइ. दवाखान्यात. त्या खोलीत दिवे रात्रंदिवस चालू असायचे, डोक्यावर, असेच पांढरे. ती सारखी म्हणायची, अहो, तो दिवा बंद करा ना, मला झोप येत नाही. मी म्हणायचो, इथे बंद करता येत नाही, नियम आहे. ती म्हणायची, तुम्ही दिव्यांचं काम करता, तुम्हाला एक दिवा बंद करता येत नाही?” त्यांनी तोंडावरून ओला हात फिरवला. “ती थट्टा करत होती हो. तिला बोलायचं त्राण नव्हतं आणि ती माझी थट्टा करत होती. आणि मी खुर्चीवर बसून राहिलो.”

मी रडत होते आणि मला स्वतःचाच राग येत होता.

भावजी उठले. मी आपटलेला तो लाल दिवा त्यांनी शोधून काढला, फोटोपुढे लावला, चालू झाला की नाही ते वाकून पाहिलं. मग बटणावरची चिकटपट्टी सावकाश सोलली. बोट बटणावर ठेवून थांबले. मला वाटलं, नाही जमणार यांना.

खट्.

खोलीत फक्त लाल उजेड राहिला. “झोप,” ते म्हणाले. “झोप आता.”

त्यांनी कपाट उघडून लाल फुलाफुलांचं कापड काढलं. म्हणजे मी सांगितल्यावर त्यांनी ते शोधलं होतं, वापरलं तेवढं नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून जमेल तेवढं शेवाळ उपसलं, अर्धं पाणी बदललं आणि टाकी चारही बाजूंनी झाकली. शेवाळाला उपाशी मारायचं तर काही दिवस पूर्ण अंधार हवा. गड्ड्याच्या पोटात साठवलेलं असतं, तो तग धरेल, असं मी म्हटलं. धरेल की नाही हे मला माहीत नव्हतं.

ते दिवस मी शेवया जास्त शिजवल्या, मीठ दोनदा घातलं आणि गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली. भावजी येता-जाता कापडाच्या कडेला हात लावायचे आणि मागे घ्यायचे. एकदा मी ओरडले, “उचलाल तर बघा!” तेव्हा चोरी पकडल्यासारखे शिडी घेऊन बाहेर पळाले.

मग एका सकाळी आम्ही कापड काढलं.

शेवाळ राखाडी होऊन खाली बसलं होतं. मासे तिन्ही होते, चिडलेले. भावजींनी हात पाण्यात घातला आणि गड्डा बोटांनी चाचपला. सडलेला असता तर बोट आत गेलं असतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. मग त्यांनी दुसऱ्या हाताने मला खुणावलं. गड्ड्याच्या टोकाला, वाळूच्या वर जेमतेम, एक कोवळं पान होतं, माझ्या दुकानातल्या तांदळाच्या रुंद शेवईच्या पट्टीसारखं घट्ट गुंडाळलेलं.

त्याच दिवशी त्यांनी छपरातले निम्मे दिवे काढले आणि छप्पर साखळीने वीतभर वर टांगलं. दिवा लावला तेव्हा उजेड पाण्यावर मऊ पडला.

“वहिनी,” त्यांनी विचारलं, माझ्याकडे न बघता, “ती संध्याकाळी नेमकी कधी झाकायची?”

“माझ्या शटरचा आवाज आला की.”

“दुकान बंद करताना?”

“हो. शटर पडलं की ती कापड टाकायची, आणि भिंतीवर दोन थापा मारायची. झोपलं म्हणून सांगायला.”

भावजींनी मान हलवली. बत्तीस वर्षं संसार केला आणि ही त्यांना नवीन बातमी.

त्या संध्याकाळी दोन गिऱ्हाइकं दारात असताना मी त्यांना उद्या या म्हणून वाटेला लावलं. शटर ओढलं, मुद्दाम जोरात. मग आत येऊन भिंतीला कान लावून उभी राहिले. आमचे हे विचारत होते, काय झालं, काय झालं. मी त्यांना गप्प केलं.

पलीकडून दोन थापा आल्या.