मावशींचा आकडा

बडे लोक वर्षाची तपासणी करून घेतात अशा एका दवाखान्यात मावशी अकरा वर्षं साफसफाई करत होत्या. रक्तदाबाची यंत्रं त्या रोज पुसायच्या, पण त्यांचा स्वतःचा रक्तदाब कुणी कधी तपासला नव्हता. डोकं ठणकलं तर त्या फडकं आवळून कामाला लागायच्या.

एका सकाळी नवं यंत्र आलं. "मावशी, जरा हात द्या. चालतंय का बघू," नर्स म्हणाली.

आकडा पाहून ती चपापली. जुनं यंत्र आणून तिने पुन्हा पट्टा बांधला. आकडा तोच.

"काही होतंय का, मावशी?"

"छे गं! डाव्या हाताला मुंग्या येतात तेवढ्या. बादल्या उचलून येत असतील."

"आधी इथे आडव्या व्हा."

स्वतःच घातलेल्या पांढऱ्या चादरीवर पडायला मावशींना धीर होईना. इतक्यात मॅनेजर डोकावला. "मोठे साहेब तपासणीला आलेत. खोली मोकळी करा."

"खोली मिळणार नाही," नर्स म्हणाली. "डॉक्टरांना बोलवा. आधी यांना बघू दे."

मॅनेजर जागचा हलला नाही.

"राहू दे पोरी, माझ्यापायी तुझी नोकरी..." मावशींची जीभ जड झाली आणि त्या कलंडल्या. तेव्हा कुठे मॅनेजर धावला.

मावशी वाचल्या. डावा हात मात्र लुळा पडला आणि काम सुटलं. नर्स दर रविवारी घरी येऊन त्यांच्या बोटांचा व्यायाम घेते. परवा मावशींनी त्या हाताने चहाचा कप उचलला आणि नर्सच्या हातात दिला.