नावाची तांबडी चौकट

वापरकर्ता क्रमांक तीन. स्त्री, वय त्रेपन्न. शिक्षण: परिचारिका. अनुभव: रुग्णवाहिकेच्या फोनवर सव्वीस वर्षं. संगणकाशी वर्तन: संशयी, कळ दाबण्यापूर्वी पडद्याकडे चष्म्यावरून पाहते. प्रतवारी: कमकुवत.

हे वर्णन राजधानी बिश्केकहून आलेल्या अदिलेतनं लिहिलेलं. माणूस संगणकापुढं कुठं अडखळतो, ते अडखळणाऱ्याच्या मागं बसून टिपायचं, हा त्याचा अभ्यास. निरीक्षकानं तोंड उघडायचं नाही, हा नियम. तो पहिल्या दिवशी कळला तेव्हा ही क्रमांक तीन, बातमाकान, म्हणाली होती, "म्हणजे आमच्या जावयासारखंच. खायचं आणि बघत बसायचं."

नारीनच्या खोऱ्यातल्या त्या रुग्णवाहिका केंद्रात नव्या पडद्याची चाचणी होती. आठवडाभर जुना वायरलेस कुलपात. गावोगावच्या गाड्यांना हुकूम सुटायचा तो पडद्यावरूनच. सहाव्या दिवशी दुपारी, चहा निवत असताना, फोन वाजला.

"एजे, गाडी पाठवा! मामंजींच्या छातीत कळ आलीय. ओठ निळे पडलेत." एजे म्हणजे ताई; बातमाकानला सगळं खोरं तसंच हाक मारायचं.

गाव उच-बुलाक, पुलापलीकडं, निळं फाटक. बातमाकाननं भराभर भरलं. नावाची चौकट तेवढी तांबडी राहिली, आणि ती तांबडी असेतो गाडीची कळ मेलेली.

"नाव सांग, पोरी."

"कुणाचं?"

"मामंजींचं."

पलीकडून हळूच, "मी सून आहे, एजे."

यावर बातमाकानला काही समजावून सांगायची गरज नव्हती. तिचा स्वतःचा सासरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि त्याचं नाव अजून तिच्या ओठांवर आलेलं नव्हतं.

"नवरा कुठाय?"

"वर कुरणावर. तिथं फोन लागत नाही."

"शेजारी कुणी?"

"चुलत सासूबाई आल्यात."

"त्यांना दे."

दुसरा आवाज आला, घोगरा. "माझे थोरले दीर ते. मी कशी घेऊ नाव? पडल्या पडल्या ऐकताहेत ना!"

"मग त्यांनाच विचारा."

"बोलता येत असतं तर गाडी कशाला मागितली असती, बये?"

बातमाकाननं 'पांढरी दाढी' असं टाकलं. नागरिकांच्या यादीत असं नाव नाही, पडद्यानं कळवलं. फिरून प्रयत्न करा.

फोन पुन्हा सुनेकडं गेला होता. "श्वास चालू आहे?"

"चालू आहे... मधेच थांबतो."

"बाहेर जाऊन हळूच सांग. मला एकटीलाच."

"त्यांनी माझा हात धरलाय, एजे. सोडत नाहीत."

मागं पेन थांबलं होतं. बातमाकान वळली नाही. "अदिलेत, याला वळसा आहे?"

त्यानं नियम मोडला. "नाही, एजे. सक्तीची चौकट आहे."

"कुणी केली सक्ती?"

"...आम्ही."

यादीतला खरा माणूस हवा होता. पहिलं सुचलं ते स्वतःच्या सासऱ्याचं नाव. ते टाकायला बोटं कळफलकाकडं वळलीसुद्धा नाहीत. मग तिनं स्वतःचं टाकलं. चौकट हिरवी झाली. रुग्ण: बातमाकान जोलदोशोवा, स्त्री, त्रेपन्न. तिनं कळ दाबली.

"गाडी निघाली. फोन ठेवू नकोस. उशीला टेकवून बसतं कर त्यांना. आता मोज, श्वास मोज."

पोरगी मोजत राहिली. आकडा मधेच अडला की बातमाकानही अडायची. एकोणीस मिनिटांनी फोनवर ड्रायव्हर आला, वैतागलेला: "इथं बाई लिहिलीय, आणि हा तर दाढीवाला म्हातारा!"

"दाढीवाल्यालाच घे, गाढवा!"

अहवाल नियमानुसार गेला. वापरकर्ता क्रमांक तीननं रुग्णाच्या जागी स्वतःचं नाव नोंदवलं. दोषाच्या रकान्यात पर्याय दोनच होते, वापरकर्ता किंवा वीज. वीज तर चालू होती. शिफारस: वापरकर्त्यास पुनःप्रशिक्षण.

म्हातारा अकरा दिवसांनी पायी घरी गेला. त्याचं नाव केंद्रात अजून कुणाला ठाऊक नाही.